गेटवरून आलेला फोन

परवा रात्री पाऊण वाजता इंटरकॉम वाजला. बायको दचकून उठून बसली. एवढ्या रात्री फोन म्हणजे गावाकडे कोणीतरी गेलं.

"साहेब, गेटवरनं बोलतोय. झोपणार कधी?"

"का? काय झालं?"

"तुमच्या हॉलची ट्यूब सरळ केबिनमधी येती. डोळ्याला डोळा लागंना."

पहिला मजला घेतला की हे असं.

"अहो, पण तुम्ही वॉचमन ना?"

"व्हय."

"मग रात्री जागायचं..."

"जागतोच की! पण मधी दोन तास पाठ टेकली न्हाई, तर पहाटं दूधवाल्याला गेट कोण उघडणार? तुम्ही काय करताय जागून?"

मी गालिचे धुण्याचे व्हिडिओ बघत होतो. मळका गालिचा, त्यावर फेस, मग खालून हळूहळू निघणारा लाल रंग. आमच्या घरात गालिचा नाही. हे गेटवर कसं सांगणार? म्हटलं, "ऑफिसचं काम आहे."

"काल बी होतं. त्याच्या आदल्या दिवशी बी." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "मालक लई पिळतोय जणू. सोडा साहेब ती नोकरी. आमच्या एजन्सीत जागा हाय. नाइटची."

उजेडाने मेंदूतलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, कमी होतं म्हणतात. वॉचमनचंही होतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

उगाच जागत बसण्याच्या माझ्या या रोगाला शास्त्रीय नावही आहे म्हणे, 'बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन', म्हणजे झोपायला जाण्याची चालढकल. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली त्यावर निबंध लिहिला. त्यांची व्याख्या अशी की, बाहेरचं काही कारण नसताना ठरवलेल्या वेळी झोपायला न जाणं. बाहेरचं कारण नसताना! या मंडळींना एकदा संध्याकाळी ठाणे स्टेशनवरून कासारवडवलीच्या बसमध्ये उभं करा. सकाळ लोकलची, दिवस साहेबाचा, संध्याकाळ कापूरबावडीच्या सिग्नलची, जेवणानंतरचा वेळ चिरंजीवांच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीचा. अकराला ओटा पुसला की उरतो तो तेवढा माझा. तोही झोपून घालवू? झोपलं की पुढची गोष्ट थेट लोकल.

शिवाय झोपेचा कंटाळा कुणाला असतो? कंटाळा सोफ्यावरून उठण्याचा. विरजण लावा, सिलिंडर बंद केला का बघा, दाराला कडी घाला, दात घासा. तोंडावर पाणी मारलं की आलेली झोपही जाते.

सकाळी सेक्रेटरींना गाठलं. ते जोरात हसतील आणि मग त्याला झापतील, अशी माझी अपेक्षा.

"गरीब माणूस आहे हो. दुसरा मिळत नाही. तुम्ही जाड पडदा का नाही लावत?"

त्यांनी गोखले रोडवरच्या एका दुकानाचा पत्ताही दिला, वर माझं नाव सांगा म्हणाले. पडदा मी लावणार नाही. दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये सिक्युरिटीचे म्हणून वेगळे पैसे घेता ना? त्यातून लावा. आणि केबिनच्या खिडकीला लावा!