यकृताचा कापलेला खंड पुन्हा उगवतो का?

अवयवदानाचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘यकृताला उजवा आणि डावा असे दोनच खंड असतात, त्यांच्यामध्ये निसर्गानेच शिवण घातलेली असते, त्या शिवणीवर कापून एक खंड दान केला की तो पालीच्या शेपटीसारखा जसाच्या तसा उगवतो, म्हणून यकृत कितीही वेळा देता येते.’ दानाला प्रोत्साहन देण्याचा हेतू चांगला असला, तरी यातले जवळजवळ प्रत्येक विधान दुरुस्त करावे लागेल.

खंड दोनच दिसतात ते समोरून. यकृत उलटून पाहिले, तर खालच्या अंगाला आणखी दोन लहान खंड आढळतात.

शिवणीचा मुद्दा अधिक फसवा आहे. जिला शिवण म्हटले जाते, तो यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा, विळ्याच्या आकाराचा पातळ पडदा आहे. रक्तपुरवठ्याची खरी सीमा तिथे नाही. शस्त्रक्रियेत उजव्या बाजूच्या रक्तवाहिन्यांना चिमटा लावला की काही वेळातच तेवढा भाग काळपट पडतो, आणि त्याची कड त्या पडद्यावर न येता बरीच उजवीकडे, पित्ताशयाच्या खोबणीपासून मागच्या महाशिरेकडे जाताना दिसते. ही रेषा ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स कँटली यांनी 1897 मध्येच दाखवली होती, तीही शवविच्छेदनात उजवा भाग आक्रसलेले आणि डावा भाग वाढलेले यकृत पाहून. पुढे फ्रेंच शल्यचिकित्सक क्लोद क्विनो यांनी 1957 मध्ये रक्तवाहिन्यांच्या फांद्यांनुसार यकृताचे आठ विभाग मांडले. लहान मुलाला सहसा दुसरा व तिसरा विभाग, म्हणजे डाव्या टोकाचा लहान तुकडा देतात, तर प्रौढाला बहुधा पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे विभाग, म्हणजे संपूर्ण उजवा भाग देतात.

आता उगवण्याविषयी. कँटलींच्या त्या यकृताने जे दाखवले तेच दात्याच्या शरीरातही घडते: गेलेला खंड परत येत नाही, उरलेला भाग फुगतो. काही महिन्यांत आकारमान मूळच्या जवळपास पोहोचते आणि काम नीट चालते, पण घडण पूर्वीची राहत नाही. पालीची उपमा म्हणूनच मुळात चुकीची आहे.

राहिले पुन्हा पुन्हा देणे. कापलेली पित्तनलिका किंवा रक्तवाहिनी नव्याने फुटत नसल्यामुळे एकदा दिलेल्या दात्याकडून सर्वसाधारणपणे दुसऱ्यांदा यकृत घेत नाहीत. उजवा भाग देणाऱ्याचे तर पित्ताशयही काढावे लागते, आणि ते काही परत येत नाही.