ती जोडी चौपाटीवरून दिसणार नाही, आणि अंगावरही पडणार नाही

दोन दिवसांत हा फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनदा. 'नासाने लपवलेले सत्य! ९० अँटिओपी या लघुग्रहाचे दोन तुकडे एकमेकांना घासत फिरत आहेत. लवकरच टक्कर होऊन तुकडे पृथ्वीवर पडणार. आज रात्री गिरगाव चौपाटीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहा.' सोबत दोन दगडांचा फोटो.

जोडी आहे, हे मात्र खरं.

लपवलेलं काहीच नाही. अँटिओपी १८६६ साली रॉबर्ट लूथर यांनी जर्मनीतून शोधली. ऑगस्ट २००० मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीने पाहिलं, तेव्हा एका ठिपक्याचे दोन झाले, आणि ते त्याच वर्षी जाहीरही झालं.

'घासत' म्हणाल, तर दोन्ही गोळे साधारण ८६ किलोमीटर रुंद. सीएसएमटी ते नेरळ लोकलने जाता, जवळपास तेवढे. त्यांच्या केंद्रांमधलं अंतर सुमारे १७१ किलोमीटर. म्हणजे मधल्या फटीत तिसरा तेवढाच गोळा कसाबसा मावेल! एक फेरी साडेसोळा तासांची. हिशेब केला तर एकाच्या दृष्टीने दुसरा ताशी ६५ किलोमीटरने फिरतो. आपली फास्ट लोकल याहून जोरात पळते.

टक्कर का होत नाही? दोघांनीही एकमेकांकडे कायमचं तोंड केलंय. स्वतःभोवतीची फेरी आणि एकमेकांभोवतीची फेरी, दोन्हींना वेळ तेवढाच. भरती-ओहोटी घडवणाऱ्या गुरुत्वाच्या ओढीने अशी जोडी एकदा स्थिरावली की ती ओढ तिला आणखी जवळ आणत नाही.

खरी मजा तर फॉरवर्डवाल्यांच्या लक्षातच आली नाही. एकट्या लघुग्रहाचं वजन दुरून काढणं महाकठीण. जोडी असली की फेरीचा वेळ आणि अंतर केपलरच्या नियमात घालायचं, वस्तुमान हातात. ते आकारमानाने भागलं तर घनता येते पाण्याच्या सव्वापट. अखंड दगडाची याच्या दुपटीहून जास्त असते. म्हणजे हे गोळे आतून पोकळ्यांनी भरलेले, गुरुत्वाकर्षणाने कसेबसे धरून ठेवलेले ढिगारे असणार. घासायचं दूरच, तराजूचं काम केलं या जोडीने.

तुकडे इथे पडण्याचं म्हणाल, तर अँटिओपी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात राहते, पृथ्वीपासून वीस कोटी किलोमीटरच्या आत कधी येत नाही. आणि तो फोटो? तो डिडिमॉस आणि त्याच्याभोवती फिरणारा छोटा डिमॉर्फस या दुसऱ्याच लघुग्रह-जोडीचा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डिमॉर्फसवर यान मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून थोडा जास्त कमी झाला. ती जोडी पृथ्वीजवळून जाते, पण तिचाही आपल्याला धोका नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन जोड्यांची खिचडी केली.

राहिली चौपाटी. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहूनही अँटिओपी शंभरपट तरी मंद. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांत तर बोलूच नका. वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी जाऊन चांगली दुर्बीण लावलीत, तरी एकच ठिपका दिसेल. फक्त कधीकधी दोघांची ग्रहणं होतात, तेव्हा तो ठिपका थोडा मंद होऊन पुन्हा उजळतो. तेवढ्यासाठी रात्रभर जागणारेही आहेत.