चार लॅब आणि एक टनेल

घरात जुने राऊटर आणि स्विच जमवणाऱ्या माणसाला कधी ना कधी तसाच दुसरा भेटतो, आणि मग दोन्ही घरांची झोप उडते. आम्ही तर चौघे. परीक्षेसाठी बीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कनी एकमेकांना वाटा (रूट) कळवायची पद्धत, शिकायचं होतं. एकट्याच्या लॅबमध्ये रूट मीच पाठवायचे, मीच घ्यायचे. वाद घालायला समोर कुणी नाही. म्हणून लॅब जोडायचं ठरलं.

पहिला खोळंबा पत्त्यांचा. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खाजगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेत. त्यातल्या १०.०.०.० या एकाच पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत. एवढं रान मोकळं असताना चौघांनीही धरून ठेवलं होतं १९२.१६८.१.०, कारण राऊटर खोक्यातून तेच घेऊन आला होता. दोन्ही टोकांना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असलं की पॅकेट घराबाहेर पडतच नाही. मित्राचा सर्व्हर शोधायला निघतं आणि आपल्याच प्रिंटरच्या दारात जाऊन उभं राहतं. तिघांनी पत्ते बदलायचे, हे एकमताने मंजूर झालं. उरलेला चौथा आपण, यावरही चौघे ठाम होते.

टनेलसाठी, म्हणजे इंटरनेटमधून घरं जोडणाऱ्या खाजगी वाटेसाठी, वायरगार्ड हे सॉफ्टवेअर घेतलं. एकाचं कनेक्शन सीजीनॅटमागे (कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), म्हणजे बाहेरून त्याचं दार ठोठावायची सोयच नाही. त्याचा राऊटर आता दर २५ सेकंदांनी स्वतःहून 'मी आहे' कळवत असतो. (त्याच्या मालकाला मात्र तीनदा फोन करावा लागतो.)

पुढे ओएसपीएफ, म्हणजे राऊटरांनी आपापसांत नेटवर्कचा नकाशा जुळवायची पद्धत. पिंग जात होतं, हॅलो पोचत होते, शेजारी दिसत होता, पण गाडी 'एक्सस्टार्ट' या टप्प्यावर अडलेली. दोन राऊटरमध्ये मास्टर कोण हे याच टप्प्यावर ठरतं, त्यामुळे आम्ही अख्खी संध्याकाळ राऊटर आयडी बदलण्यात घालवली. यांच्यातही मानापमान असतो म्हणून मला उगाच आपलेपणा वाटला. निघालं भलतंच: एका टोकाला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२०, दुसऱ्याला १५००. आकडा जुळेना म्हणून पुढची बोलणीच बंद.

एवढं होऊन सगळं जुळलं, आणि एकाने उत्साहात डीफॉल्ट रूट ('वाट माहीत नसेल ते सगळं माझ्याकडे पाठवा') जाहीर केला. आम्हा तिघांच्या राऊटरांनी तो श्रद्धेने स्वीकारला. तिन्ही घरांचं इंटरनेट त्याच्या बिचाऱ्या कनेक्शनवरून वाहू लागलं, म्हणजे खरं तर तुंबलं. माझ्या घरातून विचारणा झाली त्या आवाजाला कुठलाच फिल्टर नव्हता. तो गृहस्थ मात्र शांत. म्हणाला, २००८ मध्ये पाकिस्तानातून जाहीर झालेल्या चुकीच्या रूटमुळे यूट्यूब जगभरात बंद पडलं होतं, त्यापुढे हे काय! त्या दिवसापासून आम्ही त्याच्याकडून फक्त त्याचे स्वतःचे रूट घेतो, आणि सल्ला अजिबात घेत नाही.

सध्या अभ्यास जोरात आहे, रात्री दहापर्यंत. दहाला त्याच गृहस्थाची आई पंख्यांच्या आवाजाला कंटाळून रॅकचं बटण बंद करते. आमच्या बीजीपीचा होल्ड टायमर (गप्प शेजाऱ्याची वाट पाहायची मुदत) १८० सेकंदांचा, तेव्हा शेजारी गेल्याचं राऊटरना कळायला तीन मिनिटं लागू शकतात. आम्हाला आधीच कळलेलं असतं. ग्रुपवर त्याचा मेसेज येतो : 'आई आली.'