स्विचवर मिरर लावला म्हणजे व्हीएम दिसतातच असं नाही

सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक 'टिप' फिरते आहे. थोडक्यात अशी: फिजिकल स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावा, सगळ्या व्हीएमचं (व्हर्च्युअल मशीनचं) ट्रॅफिक दिसेल. नाहीच दिसलं तर व्हीस्विचवर (होस्टमधल्या सॉफ्टवेअरच्या स्विचवर) प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांच्या फ्रेमही वाचू देणारी सेटिंग) 'अ‍ॅक्सेप्ट' करा, काही बिघडत नाही. आणि नेटफ्लो (ट्रॅफिकचा गोषवारा) असेल तर पॅकेट कॅप्चर (प्रत्यक्ष पॅकेट पकडून बघणं) हवंच कशाला?

पहिल्या वाक्यापासूनच घोळ आहे. एकाच ईएसएक्सआय होस्टवर (व्हीएमवेअरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर, असलेल्या सर्व्हरवर) वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकाच पोर्ट ग्रुपमध्ये (व्हीस्विचवरच्या सारख्या सेटिंगच्या पोर्टांच्या गटात) असतील, तर त्यांच्यातलं पॅकेट होस्टच्या मेमरीतच इकडून तिकडे जातं. केबलवर येतच नाही, मग बाहेरचा स्विच ते दाखवणार कुठून? दोघांचे व्हीएलएएन (एकाच स्विचवर आखलेली स्वतंत्र नेटवर्क) वेगळे असतील तर ते सहसा राउटरपर्यंत जाऊन परत येतं, आणि तेव्हा दिसतं. म्हणजे अर्धं दिसतं आणि आपल्याला वाटतं सगळं दिसलं. त्यात रात्री डीआरएसनं (लोड बघून व्हीएम आपोआप हलवणाऱ्या सोयीनं) डेटाबेस दुसऱ्या होस्टवर हलवला की इतके दिवस गायब असलेलं ट्रॅफिक सकाळी मिररमध्ये उगवतं. 'लोड एवढा वाढला कसा' म्हणत मी अशा एका सकाळी दोन तास घालवलेत. वाढलं काहीच नव्हतं.

'काही बिघडत नाही' हे तर धोकादायकच. व्हीस्विच फिजिकल स्विचसारखा मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) शिकत बसत नाही; कोणत्या पोर्टवर कोणता मॅक, हे त्याला हायपरव्हायझरकडूनच कळलेलं असतं. म्हणून एरवी प्रत्येक व्हीएमला आपल्यापुरत्याच फ्रेम मिळतात. 'अ‍ॅक्सेप्ट' केलंत की त्या पोर्ट ग्रुपमधलं कुठलंही व्हीएम त्या व्हीएलएएनमधल्या, व्हीस्विचवरून जाणाऱ्या सगळ्या फ्रेम वाचू शकतं. पोर्ट ग्रुपला व्हीएलएएन 4095 दिलेला असेल, तर सगळ्याच व्हीएलएएनच्या. स्टँडर्ड स्विचवर हा मोड मुळात 'रिजेक्ट' असतो, तो उगाच नाही. लागलंच तर स्निफरसाठी (ट्रॅफिक वाचणाऱ्या व्हीएमसाठी) वेगळा पोर्ट ग्रुप करा, 'अ‍ॅक्सेप्ट' तेवढ्यावरच द्या आणि काम झालं की काढून टाका. (हे शेवटचं कुणी करत नाही.) एवढं करूनही दिसतं ते त्या एका होस्टपुरतंच.

आणि बहुतेक वेळा याची गरजही नसते. ईएसएक्सआय 5.5 पासून होस्टवरच पीकेटीकॅप-यूडब्ल्यू हे पॅकेट पकडायचं टूल आहे. ईएसएक्सटॉप या होस्टवरच्या मॉनिटरमध्ये 'एन' दाबून व्हीएमचा पोर्ट आयडी बघायचा आणि तेवढाच पोर्ट कॅप्चर करायचा. फक्त दिशा सांगायला विसरू नका, नाहीतर एकाच बाजूचं हाती येतं आणि सर्व्हर उत्तरच देत नाही असा भास होतो. प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायझरवर 100 क्रमांकाच्या व्हीएमसाठी होस्टवर टॅप100आय0 हा इंटरफेस असतो. त्यावर टीसीपीडम्प हे कॅप्चर टूल लावलं की झालं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरलाच मिररिंगचा सोर्स किंवा डेस्टिनेशन ठरवता येतं.

नेटफ्लोबद्दल फार बोलायला नको. कोण कुणाशी बोललं, कोणत्या पोर्टवर, किती बाइट, एवढं तो चांगलं सांगतो, आणि सॅम्पलिंग चालू असेल तर तेही अंदाजानं. 'अ‍ॅप स्लो आहे' या तक्रारीत शोधायची असते झिरो विंडो (समोरच्याची 'आता थांबा, पाठवू नका' ही खूण), नाहीतर अर्धा सेकंद उशिरा आलेलं डीएनएसचं उत्तर. ते कॅप्चरमध्येच सापडतं.

टिप खरी ठरते अशी एक जागा मात्र आहे. एसआर-आयओव्ही वापरणारं व्हीएम व्हीस्विचला वळसा घालून थेट नेटवर्क कार्डाशी बोलतं, त्यामुळे तिथं फिजिकल मिररच कामी येतो. तोही दोन्ही व्हीएम एकाच कार्डावर नसतील तर. असतील तर त्यांचं आपसातलं ट्रॅफिक सहसा कार्डातूनच परत फिरतं.