दरमहा 20,500 'आयुष्यभर, करमुक्त'? नाही!

नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'साठी झाली? पोस्टात 30 लाख ठेवा, दरमहा 20,500 रुपये मिळवा, आयुष्यभर, करमुक्त.'

ही ज्येष्ठ नागरिक बचत योजना. योजना खरीच चांगली आहे, पैसाही सुरक्षित. पण मेसेजातल्या अटी चुकीच्या आहेत, आणि आयुष्यभराची पुंजी कुठे ठेवायची हे त्यावर ठरतं म्हणून हा खुलासा.

8.2 टक्के दराने 30 लाखांवर वर्षाला 2,46,000 रुपये होतात. ते महिन्याला मिळत नाहीत. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या तारखेला 61,500 जमा होतात. म्हणजे मधले दोन महिने किराणा, औषधं दुसऱ्या पैशातून भागवायची. आणि हे व्याज उचललं नाही तर त्यावर पुढे व्याज चढत नाही. बरेच जण इथेच फसतात.

'आयुष्यभर' तर अजिबात नाही. मुदत पाच वर्षं. पुढे तीन-तीन वर्षांसाठी वाढवता येते, पण तेव्हाच्या दराने.

व्याज करपात्र आहे. वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो.

दरमहाच पैसे हवे असतील तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना वेगळी आहे: एकट्याला 9 लाख, संयुक्त खात्यात 15 लाख मर्यादा. कर तिच्या व्याजावरही लागतो.

काका-काकूंनो, फॉर्म भरण्याआधी काउंटरवर त्या दिवशीचा दर विचारा.