‘नाइस’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘नाइस’ शब्दाच्या जन्मकथेवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजचा अर्थ तोच खरा, सातशे वर्षांपूर्वीचं उकरून काही साधत नाही, लेख लांबला, संस्कृत ‘ज्ञ’शी असलेलं नातं मी सांगितलं नाही, आणि सरतेशेवटी, ‘मराठी माध्यमात शिकलेल्यांनी इंग्रजी शब्दांची चिरफाड करू नये.’

लेख लांबला, हे मान्य. लॅटिनचा परिच्छेद निम्म्यात आटोपता आला असता.

पण ते शेवटचं वाक्य? वाद मुद्द्यावर घाला, समोरच्याची शाळा कशाला काढता? हो, मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात शिकले, एबीसीडी पाचवीत गिरवली आणि पुढे जन्मभर हायस्कुलात इंग्रजीच शिकवलं. निबंधाच्या वह्यांत आई नाइस, जेवण नाइस, घर नाइस, सहलसुद्धा नाइस असायची. मी लाल पेनाने गोल करून समासात लिहायची, ‘म्हणजे कशी?’ मग कुणी ‘काइंड’ लिहून आणायचं, कुणी ‘नॉइझी’. घरातच इंग्रजी कानावर पडणाऱ्याला हा शब्द आयता मिळतो, तो उघडून बघायची त्याला गरजच पडत नाही. आम्हाला तो शब्दकोशात सापडला, आणि तिथे ‘छान’च्या शेजारीच ‘सूक्ष्म’ आणि ‘चोखंदळ’ हेही बसलेले दिसले. चिरफाडीची सवय तिथून लागली. तिची मला लाज नाही, उलट अभिमान आहे.

आणि इंग्रजीत वाढलेल्यांना तरी हा शब्द ठाऊक असतो का? जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी घ्या, १८१७च्या अखेरीस आलेली. तिच्यातला हेन्री टिल्नी, जन्माने इंग्रज, ऑक्सफर्डात शिकलेला, उठसूट ‘नाइस’ म्हणणाऱ्या कॅथरिनची थट्टा करतो आणि वर बजावतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नजाकत यांसाठी होता. तोही चुकला! लॅटिनात ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं, म्हणून ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘मूर्ख’ झाला आणि १३००च्या सुमारास तोच अर्थ घेऊन शब्द इंग्लंडात उतरला. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या काव्यात ‘नाइस’ म्हणजे खुळा. पुढे तो नखरेल, बुजरा, चोखंदळ, काटेकोर असा फिरत फिरत अठराव्या शतकात ‘छान’वर येऊन स्थिरावला. टिल्नीला मधला टप्पाच मूळ वाटला. त्याचं माध्यम कोणतं होतं, महोदय?

‘ज्ञ’बद्दल: ते नातं मी गाळलं, कारण ते नाहीच. ‘ज्ञ’चं सख्खं नातं जाणणं या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’शी आहे. ‘स्कीरे’चं घराणं वेगळं, त्यातून ‘सायन्स’ आला. अर्थ जुळला म्हणून गोत्र जुळत नाही.

राहिला ‘आजचा अर्थ तोच खरा’ हा मुद्दा. कुणी ‘नाइस’ म्हटलं तर रागवा, असं मी कुठे लिहिलंय? लेख पुन्हा वाचा. शिवाय ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक फरक, हाही आजचाच अर्थ आहे. तो तुम्ही कुठे ठेवणार? स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आणि आपण मुलांचं कौतुक करताना तोच शब्द वापरतो. हे सांगितलं म्हणून कुणाच्या कौतुकात काही कमी झालं का?

पुढचा लेख ‘सिली’वर आहे. हा एकेकाळी ‘धन्य, भाग्यवान’ अशा अर्थाचा होता; त्याच्या जर्मन भावंडात, ‘झेलिश’मध्ये, तो अर्थ अजून जिवंत आहे. तिथे चूक दिसली तर जरूर दाखवा, पुराव्यासकट दाखवा. पण लिहिणाऱ्याच्या शाळेवर बोट ठेवणारी प्रतिक्रिया यापुढे मी प्रसिद्ध करणार नाही, मग ती तुमची असो की आणखी कुणाची.