मागच्या मडगार्डचा नऊ इंचांचा तुकडा

आज सकाळी गाडीच्या एका बुशचे काम करून घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये गेलो होतो आणि घरी परत येईपर्यंत माझे डोके ठिकाणावर राहिले नव्हते. शेजारच्या शेडमध्ये उजव्या पायाने गिअर टाकायची जुनी बुलेट उभी होती. तिची सीट आणि मागचा मडगार्ड जमिनीवर पडले होते आणि चासीचा मागचा भाग ग्राइंडरने कापला जात होता. बाविशीतला मालक मोबाइलवर ठिणग्यांचे चित्रीकरण करत होता. गाडी कोणाची, असे मी विचारले तेव्हा "आजोबांची" असे उत्तर आले आणि पुढचे मी न विचारताच त्याने सांगितले, "कॅफे रेसर करायचीय, काका." म्हणजे खालचे हँडल आणि एकेरी सीट असलेली, जुन्या शर्यतीच्या थाटाची गाडी.

तुम्ही मला ओळखता, त्यामुळे मी मॉडिफिकेशनच्या विरोधात आहे असे कोणी म्हणणार नाही. माझ्या 2014 च्या रॉयल एनफील्ड क्लासिकवर लांब पल्ल्याची सीट आहे, विंडस्क्रीन आहे, हँडल उंच करणारे रायझर आहेत, बॅगा अडकवायला स्टे (लोखंडी आधार) आहे आणि पुढे दोन जादा दिवेही आहेत. यातली प्रत्येक वस्तू मी घरी, पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी पान्यांच्या एका संचावर बसवली आहे आणि तितक्याच पान्यांनी ती खोलता येते. मूळ सीट, मूळ आरसे आणि हँडलचे मूळ बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवले आहेत. घरचे हसतात, हसू देत.

मला हे शहाणपण जन्मतः नव्हते. 2001 साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि वडिलांची, म्हणजे आण्णांची, 1986 ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आमच्या दारात होती. मागचा मडगार्ड आखूड केला की गाडी रुबाबदार दिसते, असे मला कॉलेजातल्या एका मित्राने पटवले. मी हॅक्सॉ ब्लेड घेतले आणि आण्णा ड्युटीवर असताना मडगार्डचा शेवटचा नऊ इंचांचा भाग कापून काढला. मागचा दिवा वर सरकवून तारेने बांधला. संध्याकाळी आण्णा आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तो तुकडा उचलून कापडात गुंडाळला आणि एवढेच म्हणाले, "असू दे. पावसाळ्यात कळंल."

ते पावसाळ्यात कळले, पण मला नाही, आईला. श्रावणातल्या एका रविवारी आण्णा तिला जोतिबाला घेऊन गेले आणि परत आले तेव्हा तिच्या मोतिया साडीवर कमरेपासून अंबाड्यापर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा होता. ती मला काहीही बोलली नाही. त्यानंतर मात्र पाऊस असला की ती केएमटीच्या बसने जाऊ लागली.

दुचाकीचे मागचे चाक निम्म्याहून कमी झाकलेले नसावे आणि मागे बसणाऱ्याला धरायला हँडग्रिप असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. मागच्या चाकाच्या बाजूची जी जाळी आपण साडीगार्ड म्हणतो आणि पहिल्याच आठवड्यात काढून भंगारात देतो, ती वस्तू याच नियमातून आलेली आहे. हा नियम लिहिणाऱ्याला गाडीच्या मागे कोण बसते हे माहीत होते. मला घरात राहून माहीत नव्हते.

म्हणूनच त्या मुलाचा मला राग आला, आणि खरे सांगायचे तर अजूनही तो उतरलेला नाही. आजोबांच्या गाडीला हात लावण्याआधी एक रविवार विचार करावा, एवढी अपेक्षा ठेवणेही जास्त झाले आहे का? त्याच बुलेटला कॅफे रेसरचे रूप द्यायला खालचे हँडल, एकेरी सीट आणि हँडलच्या टोकांना लावायचे आरसे हे सगळे मूळ भोकांवर किंवा एखाद्या जादा पट्टीवर बसवता आले असते. चासीला हात लावण्याची गरज नव्हती. पण नटबोल्ट आवळण्याच्या चित्रीकरणात ठिणग्या उडत नाहीत.

ज्यांना घरी काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण "खोलता येईल असे" म्हणजे नुसते "बोल्टने बसवलेले" असे नव्हे. रायझर लावून हँडल उंच केले की क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल ताणल्या जातात. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे आणि इंजिनाचा आवाज जरा जरी वाढला तरी केबलचा मार्ग बदलावा. पुढच्या ब्रेकचा होजही (तेलाची नळी) त्याच वेळी तपासावा. जादा दिवे बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून जोडावेत आणि त्यांना इशारा देणारी तार हेडलाइटच्या मूळ कपलरमध्ये बसणारा जोडकपलर लावून घ्यावी, म्हणजे कंपनीची एकही तार कापावी लागत नाही. तार सोलून तिच्यावर टेप गुंडाळणाऱ्या माणसाला मी स्वतःच्या गाडीपासून दहा फूट लांब ठेवतो. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा आवळला तर काही वर्षांनी तो निघत नाही, निघालाच तर आटे घेऊन निघतो, म्हणून थोडे ग्रीस लावावे. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेल्या किती जणांनी जोर लावून ते खराब केले असतील याची गणती नाही. आणि काहीही खोलण्याआधी फोटो काढावा. तेवढ्यापुरता मोबाइल उपयोगी आहे.

(सगळ्या गाडीत एकच वस्तू अशी आहे जी सहज खोलता येऊ नये म्हणूनच बसवली जाते, ती म्हणजे एचएसआरपी, अर्थात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. तिचे लॉक तोडल्याशिवाय ती निघत नाही, आणि ते तसेच असायला हवे.)

आता कोणीतरी सायलेन्सरचा मुद्दा काढेलच, म्हणून आधीच लिहितो. सायलेन्सरही नटबोल्टवरच असतो, अर्ध्या तासात बदलता येतो आणि मूळचा माळ्यावर ठेवता येतो, हे मान्य. पण 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलसाठी आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे आणि आवाज दाबणारी आतली पुंगळी काढलेल्या सायलेन्सरने रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोर जे फटाके वाजतात ते कोणत्या पान्याने परत घेणार आहात? जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात तेव्हा मला अजिबात वाईट वाटत नाही.

कायदा माझ्याही बाजूने पूर्ण नाही, हेही नाइलाजाने कबूल करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करते, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे सांगितले, आणि बदल खोलता येण्यासारखा आहे म्हणून तो आपोआप कायदेशीर ठरत नाही. विमा कंपनीला कळवण्याचा कंटाळा मीही केलेला आहे. आणि हो, एखाद्या अपंग माणसाला गाडी चालवता यावी म्हणून रीतसर परवानगीने तिची रचना बदलणे वेगळे. तिथे माझे तोंड बंद आहे.

पण त्या शेडमधली गाडी यांपैकी कशातच बसत नव्हती. ती चालू होती. मालकाने मला स्वतःच सांगितले की गेल्या आठवड्यापर्यंत आजोबा तिला रोज एक किक मारून सुरू करत होते.

इतके टाइप करेपर्यंत राग थोडा उतरला आहे. त्या मुलाला मी तिथे चार शब्द सुनावले, ते सुनवायला नको होते. एकोणीसाव्या वर्षी मला कोणी सुनावले असते तर मी आणखी दोन इंच कापले असते. आण्णा बोलले नाहीत, त्यांनी तुकडा ठेवला. तसा त्याचाही कापलेला भाग भंगारात जाऊ देऊ नकोस, असे मी निघताना त्याला म्हणालो. त्याने मान हलवली, पण नजर मोबाइलवर होती.

येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडला होता, म्हणजे मी ब्लेड चालवले तेव्हा नवा मडगार्ड मिळण्याची वाट आधीच बंद झालेली होती. मधे तो तुकडा एकदा वेल्डिंग करून पाहिला, तर तीन महिन्यांत सांधा तडकला. बाजारातली नक्कल आणली, तिचा पत्रा पातळ निघाला आणि दिव्याची भोकेही जुळली नाहीत. गाडी अजून चालते. आण्णा आता चालवत नाहीत, पण दर रविवारी पुसतात.

कोणाकडे रोडकिंगचा मूळ, न कापलेला मागचा मडगार्ड असेल तर इनबॉक्समध्ये कळवावे. गंजलेला असला तरी चालेल, फक्त दिव्याची भोके जागेवर हवीत. कोल्हापूरहून न्यायला मी स्वतः येईन.